हप्त्याच्या गाडीचा मालक कोण?

दसरा, पाडवा, धनत्रयोदशी आणि अक्षय्य तृतीया हे मोटारविक्रीच्या वर्षातले मोठे दिवस. त्या दिवशी गाडी दारात आली पाहिजे असा गिऱ्हाइकाचा आग्रह असतो आणि महिन्याचा आकडा गाठायचा असा विक्रेत्याचा. बँक मात्र पंचांग पाहून चालत नाही. कर्ज होऊन जाईल असे तोंडी सांगितलेले असते, कधी मंजुरीचे पत्रही हातात असते, पण पैसे विक्रेत्याच्या खात्यात आलेले नसतात. तरी गाडी सोडली जाते. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हार, किल्ली घेतानाचा फोटो. आणि कधी कधी आठ-दहा दिवसांनी निरोप येतो की बँकेने कर्ज नाकारले. उरलेली रक्कम रोख भरा, किंवा दुसऱ्या कंपनीचे जास्त व्याजाचे कर्ज घ्या, नाहीतर गाडी आणून द्या. बदल्यात दिलेली जुनी गाडी तोवर तिसऱ्याच माणसाच्या दारात उभी असते.

अशा वेळी ती नवी गाडी कोणाची? बहुतेकांचे उत्तर तयार असते: पैसे पुरे दिले नाहीत, म्हणजे विक्रेत्याची. कायद्याचे उत्तर इतके सरळ नाही. ते कसे घडत गेले याचा माग काढताना मला असे दिसले की, हप्त्याने घेतलेली वस्तू कोणाची हा प्रश्न तिघांना पडतो. कर घेणाऱ्या सरकारला, पैसे लावणाऱ्या सावकाराला आणि वस्तू घेणाऱ्या माणसाला. पहिल्या दोघांपुरती उत्तरे आपल्या देशात स्पष्ट लिहिली गेली. तिसऱ्याचे उत्तरही संसदेने एकदा लिहिले होते. ते लागूच झाले नाही. या लेखाचा विषय हा तिसरा माणूस आहे.

ताबा, मालकी आणि नजर

आपल्या भाषेने यातला मूळ भेद फार पूर्वी ओळखला आहे. वस्तू हातात असणे म्हणजे ताबा, वस्तू आपली असणे म्हणजे मालकी. गहाणाचेही दोन प्रकार आपण करतो. सोन्याची पाटली सावकाराच्या तिजोरीत गेली की ते ताबेगहाण. जमीन कुळाकडे किंवा मालकाकडेच राहिली, त्याने ती कसली, आणि सावकाराने फक्त तिच्यावर डोळा ठेवला, तर ते नजरगहाण. आज गाडीच्या नोंदणीपुस्तकात ज्याला हायपोथिकेशन म्हणतात, त्याला नजरगहाणाइतका नेमका शब्द मला दुसरा सापडला नाही. गाडी तुमच्याकडे, तुमच्या नावावर, नजर बँकेची.

'हप्ता' हा शब्दही बोलका आहे. फारसीत हफ्त म्हणजे सात आणि हफ्ता म्हणजे आठवडा. दर आठवड्याला द्यायची रक्कम ती हप्ता. पुढे आठवड्याची अट गळाली, महिन्याचाही हप्ताच झाला. आणि बाजारातल्या दादाला द्यावे लागणारे पैसेही हप्ताच. थकल्यावर दारात कोण येईल ही धास्ती दोन्ही अर्थांत आहे.

शिवणयंत्र आणि पियानो

हप्त्याने वस्तू विकण्याचा आधुनिक धंदा मोटारीपासून सुरू झालेला नाही. तो शिवणयंत्रापासून सुरू झाला. अमेरिकेतल्या सिंगर कंपनीचे यंत्र सामान्य घराला एकरकमी परवडत नव्हते. कंपनीतला भागीदार एडवर्ड क्लार्क हा पेशाने वकील. त्याने १८५६ मध्ये भाडेखरेदीची योजना काढली. थोडे पैसे आधी, बाकीचे महिन्या-महिन्याला. सारे फिटले की यंत्र गिऱ्हाइकाचे. तोवर ते कंपनीचे, गिऱ्हाईक फक्त भाडेकरू. योजनेची करामत या 'भाडे' शब्दात होती. विकलेली वस्तू परत आणायची तर दावा लावावा लागतो. भाड्याने दिलेली वस्तू भाडे थकले की उचलून आणता येते.

हा शब्द कितपत टिकतो याची परीक्षा इंग्लंडच्या न्यायालयांत दोन खटल्यांत झाली. १८९३च्या ली विरुद्ध बटलर या खटल्यात घरातले फर्निचर हप्त्याने दिले होते. करारनाम्याने घेणाऱ्यावर सगळे हप्ते भरण्याची सक्ती होती. न्यायालय म्हणाले, कागदावर भाडे लिहिले असले तरी या माणसाने वस्तू 'विकत घेण्याचे कबूल केले' आहे. त्यामुळे त्याच्याकडून ज्याने प्रामाणिकपणे ते फर्निचर घेतले, त्याची खरेदी पक्की. मूळ मालकाने हात चोळावेत.

दोनच वर्षांनी, १८९५ मध्ये, हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज हा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. वस्तू होती पियानो. भाडे दरमहा साडेदहा शिलिंग, मुदत ३६ महिने. घेणाऱ्याने मध्येच तो पियानो गहाणवट्याकडे ठेवला. पण या करारनाम्यात एक सोय होती: घेणारा केव्हाही पियानो परत करून मोकळा होऊ शकत होता. विकत घेण्याची सक्ती नाही, म्हणजे विकत घेण्याचे कबूल केलेले नाही, असे लॉर्डांनी ठरवले. पियानो व्यापाऱ्याला परत मिळाला.

वस्तू त्याच प्रकारची, हप्ते त्याच प्रकारचे, देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या मनातले व्यवहारही बहुधा सारखेच. मालकी बदलली ती एका वाक्यामुळे. तेव्हापासून हा धंदा करणाऱ्याला ठाऊक आहे की, वस्तू हातातून सोडली तरी मालकी कागदात धरून ठेवता येते. तो कागद लिहितो विक्रेता. गिऱ्हाईक त्यावर सही करते.

डेट्रॉईट, कोलंबिया आणि शिवडी

मोटारीच्या हप्त्याचा इतिहास अमेरिकेत घडला. हेन्री फोर्डला उधारी मान्य नव्हती. १९२३ मध्ये त्याने आठवड्याला ५ डॉलर बँकेत साठवण्याची योजना आणली. किंमत पूर्ण जमली की गाडी मिळायची. आपल्याकडच्या भिशीतल्या माणसाला ती लगेच समजली असती. अमेरिकन गिऱ्हाइकाला ती फारशी रुचली नाही, कारण जनरल मोटर्सने १९१९ मध्येच स्वतःची वित्तकंपनी काढून उलटा रस्ता दाखवला होता: गाडी आज न्या, पैसे नंतर द्या. शेवटी १९२८ मध्ये फोर्डलाही स्वतःची वित्तकंपनी काढावी लागली. तोवर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी बहुसंख्य हप्त्यानेच जात होत्या.

या उधारीने समाज बिघडेल का, यावर तिकडे मोठा वाद झाला. तेव्हा जनरल मोटर्सच्या पुढाकाराने एका नामवंत अर्थशास्त्रज्ञाने मोटारीच्या हप्तेखरेदीचा अभ्यास केला आणि १९२७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष हप्त्याच्या बाजूने होता. हा अर्थशास्त्रज्ञ म्हणजे कोलंबिया विद्यापीठातले एडविन सेलिग्मन. मराठी वाचकाला हे नाव दुसऱ्या कारणाने परिचयाचे असते. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू. बाबासाहेबांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील १९२५च्या प्रबंधग्रंथाला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच आहे. एका हाताने हिंदुस्थानच्या सरकारी जमाखर्चावरील ग्रंथाला प्रस्तावना आणि दोन वर्षांत मोटारीच्या उधारीवर दोन खंड, असा तो काळ होता. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला, तेव्हा हप्त्याची पद्धत ज्या कंपनीने अमेरिकेत रुजवली तीच आपल्या बंदरावर येऊन उतरली होती.

अमेरिकेतल्या पद्धतीत एक गोष्ट आपल्याहून वेगळी आहे आणि सुरुवातीला सांगितलेला पेच तिथे मोठ्या प्रमाणावर का उद्भवतो हे तिच्यामुळे कळते. तिथे अनेकदा कर्जाचा करार गिऱ्हाईक आणि विक्रेता यांच्यातच होतो. मग विक्रेता तो करारनामा बँकेला किंवा वित्तकंपनीला विकतो. गिऱ्हाईक शनिवारी संध्याकाळी सही करून गाडी घेऊन जाते. सोमवारी विक्रेता कागद विकायला निघतो. कोणी घेतला नाही, किंवा ठरल्या व्याजाला घेतला नाही, की गिऱ्हाइकाला परत बोलावणे. दोरीला बांधलेली भिंगरी खाली सोडून पुन्हा वर खेचावी तशी ही गाडी जाते आणि येते. म्हणून तिथले ग्राहक-वकील या प्रकाराला 'यो-यो' म्हणतात. नवा करार पुढे ठेवला जातो, व्याज जास्त, आगाऊ रक्कम जास्त. नाही म्हटले तर जुनी गाडी विकली गेली आहे असे सांगितले जाते. गाडी चोरीला गेल्याची तक्रार करू, अशा धमकीच्या तक्रारीही तिथे झालेल्या आहेत.

तिथल्या बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या समान व्यापारी संहितेचे म्हणणे स्पष्ट आहे. माल गिऱ्हाइकाच्या हाती दिल्यावर विक्रेत्याने मालकी आपल्याकडे राखल्याचे लिहिले, तरी त्याचा परिणाम तारणाच्या हक्कापुरताच राहतो. म्हणजे हेल्बीच्या पियानोची युक्ती तिथे चालू नये. पण विक्रेत्यांनी आणखी एक कागद पुढे केला: ही विक्री कर्ज कोणी घेतले तरच पक्की, तोवर गाडी फक्त वापरायला दिली आहे. मग काही राज्यांना या कागदावर मर्यादा घालाव्या लागल्या. व्यवहार मोडला तर आगाऊ रक्कम आणि जुनी गाडी परत केली पाहिजे, ठराविक दिवसांत कळवले पाहिजे, अशा स्वरूपाच्या त्या आहेत. सर्व राज्यांत नियम सारखे नाहीत. तरी प्रश्नाला नाव मिळाले आहे, आणि नाव मिळाले की त्यावर भांडता येते.

आपला १९३०चा कायदा

आपल्याकडे विक्रीचे नियम १९३०च्या मालविक्री अधिनियमात आहेत. तो इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर बेतलेला आणि आजही चालू आहे. त्यातली काही कलमे पाडव्याच्या गाडीला थेट लागू पडतात.

कलम २० सांगते की, नेमकी ठरलेली आणि देण्याजोगी तयार वस्तू असेल आणि विक्रीला अट नसेल, तर करार होताच मालकी जाते. पैसे पुढे द्यायचे ठरले असले तरी फरक पडत नाही. कलम ४९ सांगते की, गिऱ्हाइकाला कायदेशीर ताबा मिळाला की पैसे न मिळालेल्या विक्रेत्याचा माल अडवून धरण्याचा हक्क संपतो. त्यानंतर त्याला काय उरते? कलम ५५: किमतीचा दावा. थोडक्यात, विनाअट विकलेली गाडी हाती दिल्यावर विक्रेता त्या गाडीचा मालक उरत नाही, तो घेणाऱ्याचा धनको होतो. पैसे त्याला मिळालेच पाहिजेत, पण रात्री येऊन गाडी ओढून नेण्याचा हक्क त्याला या कायद्याने दिलेला नाही.

याला मोठा अपवाद कलम २५चा. अट पुरी होईपर्यंत मालकी राखून ठेवली आहे असे विक्रेत्याने करारात म्हटले असेल, तर माल हाती दिला तरी मालकी जात नाही. म्हणजे पुन्हा पियानो. पुन्हा ते एक वाक्य.

सरकारचा प्रश्न आणि सावकाराचा प्रश्न

स्वातंत्र्यानंतर मालमोटारी आणि बस यांचा धंदा वाढला तो भाडेखरेदीवर. स्वतःची गाडी असलेला ड्रायव्हर-मालक ही जातच या पद्धतीने निर्माण केली. त्याबरोबर विक्रीकराचा प्रश्न आला. भाडेखरेदीत 'विक्री' केव्हा होते?

के. एल. जोहर कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भाडेखरेदीत आधी भाडे असते आणि शेवटी विक्री. अटी पुऱ्या करून घेणाऱ्याने विकत घेण्याचा हक्क बजावला की विक्री होते. पुढे सुंदरम फायनान्स विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात चित्र आणखी बदलले. गिऱ्हाइकाने गाडी स्वतः विक्रेत्याकडून घेतली होती, कंपनीने फक्त पैसे दिले होते, आणि सुरक्षिततेसाठी भाडेखरेदीचा कागद केला होता. न्यायालयाने बहुमताने ठरवले की, हे मुळात कर्ज आहे. गमतीची गोष्ट अशी की, हे कर्ज आहे असा युक्तिवाद वित्तकंपनीचाच होता, कारण विक्री ठरली असती तर कर भरावा लागला असता. कर द्यायच्या वेळी 'आम्ही फक्त सावकार', आणि गाडी उचलायच्या वेळी 'आम्ही मालक', अशा दोन टोप्या एकाच डोक्यावर बसू शकतात हे या खटल्याने दाखवले.

सरकारने यावर उपाय केला तो थेट राज्यघटनेत. १९८२च्या ४६व्या घटनादुरुस्तीने भाडेखरेदीने माल हाती देणे ही करापुरती विक्रीच मानली गेली. शेवटच्या हप्त्याची वाट पाहायची गरज उरली नाही. सरकारचा प्रश्न सुटला.

सावकाराचा प्रश्न मोटार कायद्याने सोडवला. १९८८च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम ५१ प्रमाणे भाडेखरेदीची किंवा नजरगहाणाची नोंद नोंदणीपुस्तकात होते. ती नोंद असेपर्यंत कंपनीच्या संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. हप्ते थकल्याने कंपनीने गाडी ताब्यात घेतली, तर त्याच कलमाने ती आपल्या नावावर नवे पुस्तक मागू शकते. आरटीओत नोंद चढवायला नमुना ३४, उतरवायला नमुना ३५. गाडी घेतलेल्या प्रत्येकाला हे आकडे कधी ना कधी पाठ होतात.

बासनात गेलेला कायदा

आता तिसरा माणूस.

विधी आयोगाने आपला विसावा अहवाल १९६१ मध्ये भाडेखरेदीवर दिला. त्यावरून ११ वर्षांनी भाडेखरेदी अधिनियम, १९७२ संसदेत मंजूर झाला आणि त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. मी तो कायदा अनेकदा वाचला आहे. भाषा रूक्ष आहे, पण कलमाकलमांत त्या काळच्या गिऱ्हाइकाचे दुखणे दिसते. करार लेखी हवा. रोख किंमत किती, हप्त्यांनी मिळून किती, हप्ते किती आणि केव्हा, हे सारे त्यात लिहिलेले हवे. कराराची प्रत घेणाऱ्याला मिळालीच पाहिजे. आकार वाटेल तेवढा लावता येणार नाही. घेणाऱ्याला मुदतीआधी पैसे फेडून मोकळे होता येईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, किमतीचा ठराविक मोठा हिस्सा भरून झाला असेल, तर न्यायालयात गेल्याशिवाय वस्तू परत नेता येणार नाही. लहान किमतीच्या वस्तूंना हा हिस्सा निम्मा होता, मोठ्यांना तीन-चतुर्थांश. मोटारींसाठी वेगळी पायरी होती.

हा कायदा लागू करायची तारीख १९७३ मध्ये जाहीर झाली: १ जून. मग ती पुढे गेली: १ सप्टेंबर. मग ती अधिसूचनाच मागे घेण्यात आली. त्यानंतर तारीख कधीच आली नाही. वकिलीच्या पुस्तकांत हा कायदा छापला जात राहिला, विद्यार्थी तो वाचत राहिले, निकालपत्रांतही त्याचा उल्लेख येत राहिला, आणि बाहेर एकाही गिऱ्हाइकाला त्याचा आधार घेता येत नव्हता. २००५ मध्ये संसदेने तो रद्द केला. ३३ वर्षे कायदा पुस्तकात होता; अमलात एक दिवसही नव्हता.

याच काळात सरकारला आपल्या करासाठी घटनादुरुस्ती करायला वेळ मिळाला, हे मी आकसाने लिहीत नाही. तारखा शेजारी-शेजारी मांडल्या की ते दिसते.

ती जागा काही अंशी लोकांनी भरली. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. त्या चळवळीचे एक फळ म्हणजे १९८६चा ग्राहक संरक्षण अधिनियम. त्याच्या जागी आलेल्या २०१९च्या अधिनियमात 'अनुचित करार' ही कल्पना आली आहे. रास्त कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याची मुभा विक्रेत्याला देणारे कलम त्या व्याख्येत बसते, आणि असा करार राज्य आयोगापुढे नेता येतो. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांना बजावले की वसुलीसाठी दंडेली करणारी माणसे पाठवता येणार नाहीत. पण २०२०च्या एका निकालात त्याच न्यायालयाने हेही सांगितले की, भाडेखरेदीत शेवटच्या हप्त्यापर्यंत मालक वित्तकंपनीच असते, आणि आधी नोटीस द्यायची की नाही हे करारात काय लिहिले आहे त्यावर ठरेल. १९७२च्या कायद्यात जे लोकसभेने लिहिले होते, ते आता पुन्हा कंपनीच्या छापील कागदावर सोपवले गेले आहे.

पाडव्याच्या गाडीचे काय?

या इतिहासातून सुरुवातीच्या पेचाकडे परत येऊ. कर्ज नाकारले गेले आणि गाडी दारात आहे. पहिला प्रश्न: विक्री विनाअट होती की कर्जाच्या अटीवर? बुकिंगच्या कागदावर 'कर्ज मंजूर झाल्यास' असे काही असेल, तर हा सशर्त करार. १८७२च्या करार अधिनियमाचे कलम ३२ म्हणते की, ज्या घटनेवर करार टांगलेला आहे ती घडणे अशक्य झाले की करार रद्दबातल. आणि कलम ६५ म्हणते की, रद्दबातल झालेल्या करारातून ज्याला जे मिळाले ते त्याने परत करावे. हे दोन्ही हातांना लागू आहे. घेणाऱ्याने गाडी परत करावी; विक्रेत्याने आगाऊ रक्कम आणि जुनी गाडी परत करावी, जुनी विकली असेल तर तिची भरपाई द्यावी. फक्त एकाच हाताने परत घेण्याची सोय त्यात नाही. बुकिंगची रक्कम सरसकट जप्त करायलाही कलम ७४ आडवे येते: करारात आकडा लिहिलेला असला तरी वाजवी भरपाईपलीकडे मिळत नाही.

अट कुठेच नसेल, तर १९३०ची कलमे. गाडी घेणाऱ्याची, देणे मात्र त्याच्या डोक्यावर. हे देणे खरे आहे. कर्ज बुडाले म्हणून गाडी फुकट मिळत नाही. पण तडजोडीला तो आरोपी म्हणून जात नाही, ऋणको म्हणून जातो. यात पुष्कळ फरक आहे.

आणि तिसरा कागद, जो बहुतेक जण वाचत नाहीत: नमुना २१, विक्रीचा दाखला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ४२ प्रमाणे नोंदणी झाल्याशिवाय, निदान तात्पुरती तरी, विक्रेत्याने गाडी हाती देता कामा नये. त्या नोंदणीसाठी विक्रेता स्वतः लिहून देतो की ही गाडी अमुक तारखेला अमुक माणसाला दिली. नजरगहाण असेल तर कोणाचे, तेही त्याच दाखल्यावर येते. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाचा पेच नेमका इथे होता. दाखल्यावर बँकेचे नाव आधीच लिहिले गेले, पुस्तकात नोंद चढली, आणि बँकेने मग कर्जच दिले नाही. एक पैसाही न लावलेल्या बँकेची नजर त्या गाडीवर कायद्याने बसली होती, आणि ती उतरवायला त्याच बँकेची सही लागणार होती. विक्रेता म्हणत होता गाडी माझी. दोन तासांच्या वादात कोणीच तो दाखला टेबलावर ठेवला नव्हता. तो ठेवला तेव्हा बोलण्याचा सूर बदलला, कारण 'गाडी यांना दिली' हे विक्रेत्यानेच सही-शिक्क्यानिशी लिहिले होते. शेवटी जुन्या गाडीची किंमत आणि आगाऊ रक्कम परत मिळाली, मग नवी गाडी गेली. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

मी वकील नाही. जुने करारनामे, निकालपत्रे आणि राजपत्रे वाचण्याचा नाद एवढेच माझे भांडवल. त्या वाचनातून मला हे दिसते की, घेणाऱ्या माणसाचे हक्क आपल्याकडे नाहीत असे नाही. ते १८७२ मध्ये एका कायद्यात, १९३० मध्ये दुसऱ्यात, १९८९च्या नियमांत तिसरीकडे आणि २०१९ मध्ये चौथीकडे विखुरलेले आहेत. विक्रेत्याचे आणि सावकाराचे हक्क मात्र एकाच छापील फॉर्मवर, बारीक टायपात, सहीच्या वर मांडलेले असतात. १९७२चा कायदा हे विखुरलेले तुकडे एका ठिकाणी आणायचा प्रयत्न होता. आज भाडेखरेदीऐवजी बँकेचे कर्ज आणि नजरगहाण हीच रीत रूढ झाली आहे, त्यामुळे तोच कायदा जसाच्या तसा परत आणून भागणार नाही. पण कर्ज मोडले तर कोणी काय, किती दिवसांत परत करायचे, एवढी चार वाक्ये विक्रीच्या दाखल्यावरच छापणे सक्तीचे करता येईल. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. नमुना २१ मध्ये तेवढी जागा आहे.